संशयाचे स्थान : अमेरिकन कथेतील रोमँटिसिझम आणि वास्तववाद

१

अमेरिकन साहित्याच्या इतिहासग्रंथांतून एकोणिसाव्या शतकाची जी विभागणी रूढ झाली आहे, तिच्यात १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध ही सीमारेषा मानली जाते. युद्धपूर्व कालखंड रोमँटिसिझमचा आणि युद्धोत्तर कालखंड वास्तववादाचा. अर्विंग, हॉथॉर्न, पो, मेलव्हिल एका बाजूला आणि हॉवेल्स, जेम्स, ज्यूएट, बिअर्स, क्रेन दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी आहे. अध्यापनाच्या दृष्टीने ती सोयीची आहे आणि कादंबरीच्या इतिहासाला ती बऱ्याच अंशी लागूही पडते. कथेच्या बाबतीत मात्र ती अडचणीची ठरते. कथा हा प्रकार अमेरिकेत रोमँटिक लेखकांच्या हातून आकाराला आला, त्याची तात्त्विक चौकटही त्यांच्यापैकीच एकाने सिद्ध केली, आणि वास्तववादी लेखकांना तो असा सिद्ध झालेल्या अवस्थेत वारशाने मिळाला. वारसा नाकारणे आणि वारशात मिळालेल्या घरात राहून त्याची रचना बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकन वास्तववादी कथेने यांपैकी दुसरी गोष्ट केली, हे कालखंडांच्या मांडणीत झाकले जाते.

परिभाषेचा प्रश्नही येथे उद्भवतो. मराठीत रोमँटिसिझमसाठी स्वच्छंदतावाद, सौंदर्यवाद असे पर्याय वापरले गेले आहेत. त्यांतून कविमनाची बंधनमुक्तता किंवा सौंदर्यासक्ती सूचित होते. अमेरिकन कथाकारांपुढे असलेला वाद मात्र याहून मर्यादित आणि अधिक नेमका होता. तो 'रोमान्स' आणि 'नॉव्हेल' या दोन कथनप्रकारांतील वाद होता. 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' (१८५१) या कादंबरीच्या प्रस्तावनेत हॉथॉर्नने हा भेद स्पष्ट केला आहे. नॉव्हेलने संभाव्यतेशी काटेकोरपणे इमान राखावे. रोमान्सने मानवी अंतःकरणाच्या सत्याशी इमान राखून बाकीच्या बाबतीत सवलत घ्यावी, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. म्हणजे रोमान्सचाही सत्यावर हक्क आहेच. प्रश्न उरतो तो हे सत्य कथेत कोठे ठेवावयाचे याचा.

या दोन प्रवृत्तींतील भेद सामान्यतः विषयाच्या आधारे सांगितला जातो : एकीकडे भग्न वाडे, भुते, मध्ययुगीन छाया; दुसरीकडे कचेऱ्या, शेते, बोलीभाषा. हा निकष फार काळ टिकत नाही. त्याऐवजी संशयाचे स्थान हा निकष अधिक उपयोगी पडतो. रोमँटिक कथेत घटना घडली की नाही याविषयी संशय असतो, पण त्या घटनेचा पात्रावर पडणारा भार निश्चित असतो. वास्तववादी कथेत घटना घडली हे निश्चित असते, तिचा अर्थ मात्र संशयास्पद राहतो. पुढील विवेचनात काही प्रसिद्ध कथा या निकषावर तपासल्या आहेत. हा निकष कोठे अपुरा पडतो हेही त्यातून दिसेल, आणि तो जेथे अपुरा पडतो तेथेच या चर्चेतील खरा प्रश्न उभा राहतो.

२

अमेरिकेत कथेला जे महत्त्व प्राप्त झाले त्यामागे वाङ्मयीन कारणांइतकेच व्यापारी कारण होते. १८९१ पर्यंत परदेशी लेखकांच्या ग्रंथांना अमेरिकेत कायद्याचे संरक्षण नव्हते. त्यामुळे इंग्लंडमधील लोकप्रिय कादंबऱ्या लेखकाला मोबदला न देता छापणे अमेरिकन प्रकाशकांना परवडत असे आणि देशी लेखकाच्या कादंबरीवर पैसा घालणे जोखमीचे वाटत असे. नियतकालिके आणि नाताळच्या सुमारास निघणारी वार्षिके हाच या लेखकांचा मुख्य आश्रय होता. कथेची लांबी, तिची घट्ट बांधणी आणि एका बैठकीत संपण्याची तिची गरज या नियतकालिकांच्या व्यवहाराशी जोडलेली आहे.

या व्यवहाराला सिद्धान्ताचे रूप पोने दिले. हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या संग्रहाचे 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये १८४२ साली परीक्षण करताना त्याने असे प्रतिपादन केले की, कथाकाराने आधी एक विशिष्ट परिणाम निश्चित करावा आणि मग तो साधण्यासाठी घटना योजाव्यात. पहिल्या वाक्यापासून प्रत्येक शब्द त्या परिणामाच्या सेवेत असावा. ना. सी. फडके यांच्या तंत्रविवेचनामुळे मराठी अभ्यासकाला परिचित असलेला एकात्म परिणामाचा आग्रह अखेर याच परंपरेतला आहे. या सिद्धान्ताकडे बहुधा निव्वळ तंत्राचा नियम म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात एक ज्ञानविषयक भूमिका दडलेली आहे. परिणाम आधी आणि घटना नंतर असा क्रम स्वीकारला की घटनेला स्वतःचे अस्तित्व उरत नाही. ती परिणामाचे साधन बनते. जगात जे घडते ते कोणत्याही एका परिणामासाठी घडत नसते. म्हणून पोच्या चौकटीत लिहू पाहणाऱ्या वास्तववाद्याला पहिल्या वाक्यापासूनच त्या चौकटीशी झगडावे लागते.

तथापि रोमँटिक कथाकारांनी वस्तुस्थितीकडे पाठ फिरवली होती असे मात्र नाही. अर्विंगच्या 'रिप व्हॅन विंकल' (१८१९) या कथेचा सांगाडा जर्मन लोककथेतून आलेला आहे. पण वीस वर्षांच्या झोपेनंतर रिप गावात परततो तेव्हा खाणावळीच्या पाटीवरील राजा जॉर्जच्या चित्राला जनरल वॉशिंग्टनचे रूप देण्यात आलेले असते. मधल्या काळात एक राष्ट्र जन्माला आले आहे आणि ते नायकाच्या झोपेत निसटून गेले आहे. कथेच्या शेवटी जोडलेल्या टिपेत रिपची हकिकत खरी असल्याची ग्वाही दिली जाते आणि न्यायाधीशासमोर केलेल्या, सहीऐवजी फुली असलेल्या दाखल्याचा हवाला दिला जातो. हा विनोद आहे, पण त्यातून रोमान्सची कार्यपद्धती दिसते. पुरावा द्यावयाचा तो असा, की त्याने संशय वाढावा. पोच्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (१८३९) मधील निवेदकही वाड्याच्या भिंतीतील बारीक भेग एखाद्या पाहणी-अहवालासारखी नोंदवतो आणि तळ्यावरील विचित्र प्रकाशाची नैसर्गिक कारणे सांगतो. त्याची ही समंजस स्पष्टीकरणेच अखेरीस वाचकाला अपुरी वाटू लागतात.

३

संशयाच्या या उपयोगाचे सर्वांत परिपक्व उदाहरण म्हणजे हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राउन' (१८३५) ही कथा. सतराव्या शतकातील सेलम गावचा एक नवविवाहित तरुण पत्नीचा निरोप घेऊन रात्री अरण्यात जातो. तेथे सैतानाच्या मेळाव्यात त्याला गावातील सर्व धर्मशील माणसे दिसतात. त्याच्या पत्नीचे नाव फेथ, म्हणजे श्रद्धा, असे आहे आणि तीही तेथे आहे असे त्याला वाटते. पहाटे तो एकटा उरतो. हे सारे स्वप्न होते काय, असा प्रश्न निवेदक स्वतःच विचारतो आणि त्याचा निर्णय वाचकावर सोपवून पुढे जातो. निवेदक जे निश्चितपणे सांगतो ते वेगळेच आहे. त्या रात्रीनंतर ब्राउन कोणावरही विश्वास ठेवू शकला नाही. तो जन्मभर उदास जगला आणि उदासच मेला.

या कथेतील काही नावे काल्पनिक नाहीत. मेळाव्यात दिसणाऱ्या मार्था कॅरियर आणि गुडी क्लॉइस या स्त्रियांवर १६९२ साली सेलममध्ये चेटकिणी म्हणून आरोप ठेवण्यात आले होते. मार्था कॅरियरला फाशी देण्यात आली. त्या खटल्यांतील एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा खापरपणजोबा होता. त्या न्यायालयाने 'छायारूपी पुरावा' ग्राह्य मानला होता. आरोपीचे छायारूप आपल्याला दिसले, असे फिर्यादीने शपथेवर सांगितले की तो पुरावा ठरत असे. ब्राउनला अरण्यात जे दिसते ते नेमके अशाच प्रकारचे आहे आणि त्याच्या आधारावर तो साऱ्या गावाला मनोमन दोषी ठरवतो. येथे संशय हा केवळ कुतूहल टिकवण्याचा उपाय राहत नाही. ज्या समाजाने संशयास्पद दर्शनाला निश्चित पुरावा मानले, त्या समाजाचा दोष हॉथॉर्न कथनपद्धतीतूनच उघड करतो. घटनेचा निर्णय न देणारा निवेदक ही येथे त्या न्यायाधीशाला उद्देशून केलेली टीका आहे. अद्भुताच्या आश्रयाने इतिहासाचा इतका कठोर हिशेब मांडणाऱ्या कथेला वास्तवापासून पलायन म्हणणे कठीण आहे.

या निकषाने युद्धपूर्व काळात सर्वाधिक अडचण निर्माण होते ती मेलव्हिलच्या 'बार्टलबी'मुळे. ही कथा 'पटनम्स मंथली'मध्ये १८५३ च्या अखेरीस दोन भागांत आली, म्हणजे रूढ सीमारेषेच्या आठ वर्षे आधी. तिच्यात वॉल स्ट्रीटवरील वकिलाची कचेरी आहे. नकलनवीसांचे स्वभाव, त्यांची अपचने, शब्दांवर ठरणारा मोबदला आहे. खिडकीतून दिसणारी विटांची भिंत आहे. यात अद्भुत असे काहीच घडत नाही. एक नकलनवीस सांगितलेले काम करण्यास सौम्यपणे असमर्थता नव्हे, तर अनिच्छा दर्शवतो आणि अखेर तुरुंगाच्या आवारात अन्नाविना मरतो. घटना निःसंशय आहेत. त्यांचे कारण मात्र कळत नाही. मालक-निवेदक धर्म, दया, व्यवहार, मानसशास्त्र अशी सर्व स्पष्टीकरणे चाचपून पाहतो. बार्टलबी पूर्वी बेवारस पत्रांच्या टपालकचेरीत कारकून होता अशी एक अफवा तो शेवटी सांगतो, पण तिचा आधार आपल्याला ठाऊक नसल्याचेही नमूद करतो. संशयाने येथे स्थान बदलले आहे. तो घटनेतून निघून अर्थात शिरला आहे. वास्तववाद नावाची चळवळ उभी राहण्यापूर्वी तिचा गाभा ज्याला रोमँटिक म्हटले जाते अशा लेखकाने गाठला होता, हे यावरून मान्य करावे लागते.

४

चळवळीचे नेतृत्व हॉवेल्सकडे गेले. १८७१ ते १८८१ या काळात तो 'अटलांटिक मंथली'चा संपादक होता आणि १८८६ पासून 'हार्पर्स'मधील सदरातून त्याने वास्तववादाचा पुरस्कार केला. पुस्तकी कल्पनेतील आदर्श टोळापेक्षा गवतातला साधा टोळ रंगवा, अशा अर्थाचा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. त्याच्या भूमिकेमागे लोकशाहीवरील निष्ठा होती. सामान्य माणसाचे सामान्य जीवन कलेला पुरेसे आहे, असे म्हणणे ही त्या काळी केवळ वाङ्मयीन भूमिका नव्हती. प्रांतोप्रांतींच्या बोलींना आणि जीवनपद्धतींना नियतकालिकांत जागा मिळाली ती पुष्कळशी या आग्रहामुळे.

मात्र त्याच्या प्रभावक्षेत्रातल्या लेखकांनाही हा आग्रह पुरा पडत नव्हता. सारा ऑर्न ज्यूएट हिची 'अ व्हाइट हेरन' ही कथा कोणत्याही नियतकालिकातून न येता १८८६ साली थेट संग्रहात आली. हा काळ रोमान्सला अनुकूल नाही या हॉवेल्सच्या मताचा उल्लेख करून, रोजच्या जगण्यातच तो कितीतरी शिल्लक आहे, असा अभिप्राय तिने एका पत्रात व्यक्त केला होता. या कथेत पक्ष्यांचा अभ्यासक असलेला तरुण बगळ्याचे घरटे दाखवणाऱ्याला दहा डॉलर देऊ करतो. मेन प्रांतातल्या गरीब घरात दहा डॉलर म्हणजे काय, याचे भान कथेत पूर्णपणे आहे. नऊ वर्षांची सिल्व्हिया पहाटे उंच पाइनवर चढून घरटे पाहते आणि नंतर तोंड उघडत नाही. झाडावर चढण्याचा प्रसंग सर्वस्वी रोमँटिक शैलीत लिहिलेला आहे. तिच्या मौनाने घराचे झालेले नुकसान वास्तववादी काटेकोरपणे मोजलेले आहे. तिने योग्य केले की नाही, हा प्रश्न लेखिका उघडपणे विचारते आणि अनुत्तरित ठेवते.

या दोन पद्धतींची थेट तुलना करावयाची तर 'यंग गुडमन ब्राउन'शेजारी बिअर्सची 'अ‍ॅन अकरन्स अ‍ॅट आउल क्रीक ब्रिज' (१८९०) ठेवावी. दोन्ही कथा स्वप्न आणि जाग यांच्या सीमेवर उभ्या आहेत. अलाबामातील पेटन फार्कर या मळेवाल्याला रेल्वेच्या पुलावर फाशी दिली जात आहे. दोर तुटतो, तो प्रवाहात पडतो, गोळ्या चुकवतो, रात्रभर चालून घरी पोहोचतो आणि पत्नीला मिठीत घेण्याच्या क्षणी मानेवर आघात होतो. पलायन घडलेलेच नव्हते. हॉथॉर्नने उघडा ठेवलेला प्रश्न बिअर्स शेवटच्या वाक्यात मिटवतो. फासाचा दोर, पुलाच्या तुळया, शिपायांची रचना हेच काय ते खरे. युद्धात प्रत्यक्ष लढलेल्या बिअर्सने हे तपशील लष्करी नोंदीसारखे दिले आहेत. परंतु येथे एक विसंगती आहे. कथेचा सर्वांत मोठा भाग त्या अघटित पलायनाने व्यापलेला आहे आणि प्रत्येक तपशील अंतिम धक्क्यासाठी योजलेला आहे. निष्कर्ष वास्तववादी असला तरी बांधणी पोची आहे. हॉवेल्सप्रणीत वास्तववादाची टवाळी करणाऱ्या बिअर्सकडून हे अनपेक्षितही नाही. रोमँटिक रूपबंधाचा वापर करून रोमँटिक स्वप्नाचा, विशेषतः फार्करच्या मनातील युद्धवैभवाच्या कल्पनेचा, त्याने निकाल लावला आहे. ब्राउनचे स्वप्न त्याला काहीतरी शिकवते, मग ते चुकीचे का असेना. फार्करच्या स्वप्नाला शिकवण्याइतकाही अवधी मिळत नाही.

क्रेनच्या 'द ओपन बोट'मध्ये (१८९७) बांधणीही बदलते. क्यूबातील बंडखोरांसाठी शस्त्रे नेणारे 'कमोडोर' हे जहाज जानेवारी १८९७ च्या आरंभी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यावर बातमीदार म्हणून असलेला क्रेन तीन सोबत्यांसह लहानशा होडीतून बचावला. काही दिवसांतच त्याने वर्तमानपत्रात वृत्तान्त लिहिला. कथा त्यानंतर आली. वृत्तान्तात जहाज बुडण्याची हकिकत मुख्य आहे आणि होडीतील तासांविषयी फारच थोडे आहे. कथेत नेमके तेच तास आहेत. होडीतील माणसांना किनाऱ्यावर कोणीतरी अंगरखा फिरवताना दिसतो. ती मदतीची खूण की निव्वळ हौशी प्रवाशाचे अभिवादन, हे त्यांना ठरवता येत नाही. संशय आता पूर्णपणे अर्थावर केंद्रित झाला आहे. इमर्सनने 'नेचर' (१८३६) या निबंधात निसर्ग ही आत्म्याची भाषा मानली होती. येथे निसर्ग क्रूरही नाही, तो केवळ उदासीन आहे. चौघांतला सर्वांत बळकट माणूस मरतो आणि त्याला कोणतेही कारण नाही. तरीही कथेच्या उत्तरार्धात बातमीदाराला शाळेत पाठ केलेली, परक्या देशात मरणाऱ्या सैनिकाची भावविवश कविता आठवते. तेव्हा निरर्थक वाटलेली ती कविता आता त्याला खरी वाटते. रोमँटिक काव्याचा आशय समजण्यासाठी वास्तवाचा अनुभव लागला, असे क्रेन सुचवतो.

५

इथवर निकष बऱ्यापैकी टिकतो. चार्ल्स चेस्नटच्या 'द गुफर्ड ग्रेपव्हाइन'पाशी मात्र तो अडतो. १८८७ च्या ऑगस्टमध्ये ही कथा 'अटलांटिक'मध्ये आली, तेव्हा लेखक कृष्णवंशीय आहे हे बहुतेक वाचकांना ठाऊक नव्हते. तिचा बाह्य निवेदक जॉन हा उत्तरेकडील व्यावसायिक आहे. युद्धानंतर तो नॉर्थ कॅरोलायनात द्राक्षमळा विकत घेण्यासाठी येतो. जमिनीची किंमत, हवामान, मजुरी यांविषयीचे त्याचे निवेदन वास्तववादाचा नमुना म्हणून दाखवता येईल. त्याच्या कथनात ज्युलियस या पूर्वाश्रमीच्या गुलामाने बोलीभाषेत सांगितलेली दुसरी कथा आहे. मालकाने द्राक्षांवर करणी करवलेली असते. नवा गुलाम हेन्री अजाणता ती द्राक्षे खातो आणि त्याचे शरीर वेलींशी जोडले जाते. वसंतात तो तरुण होतो, हिवाळ्यात जर्जर. मालक दर वसंतात त्याला पंधराशे डॉलरला विकतो आणि हंगाम सरल्यावर पडत्या भावाने परत घेतो. पुढे अधिक उत्पन्नाच्या लोभाने एका पाहुण्या तज्ज्ञाचा सल्ला ऐकून मालक वेलींची मुळे बिघडवतो. वेली सुकतात आणि त्यांच्याबरोबर हेन्रीही मरतो.

जॉन या कथेला अंधश्रद्धा मानतो. मळ्याच्या उत्पन्नावर ज्युलियस निर्वाह करत होता म्हणून त्याने ती रचली, असा व्यवहारी उलगडा करून तो मळा विकत घेतो आणि ज्युलियसला गाडीवान म्हणून ठेवतो. त्याचा उलगडा चुकीचा नाही. तो अपुरा आहे. माणसाच्या देहाचा हंगामी बाजारभाव, जमिनीच्या कसाशी बांधलेले त्याचे आयुष्य आणि नफ्याच्या गणितात त्याचा मृत्यू ही गुलामगिरीची वस्तुस्थिती आहे. ती सांगण्याचे सामर्थ्य जॉनच्या वास्तववादी भाषेत नाही. ते ज्युलियसच्या अद्भुतकथेत आहे. घटना अशक्य आहे आणि अर्थ निःसंशय आहे, असे आतील कथेविषयी म्हणावे लागते. बाहेरच्या कथेत घटना निर्विवाद आहेत. त्यांचा अर्थ मात्र निवेदकाच्या हातून निसटतो. दोन्ही पद्धती येथे एकमेकींसमोर उभ्या केल्या आहेत आणि वास्तववादी निवेदक त्यात कमी पडतो. या कथा 'द कंज्युअर वुमन' (१८९९) या संग्रहात एकत्र आल्या. १९०० साली हॉवेल्सने चेस्नटच्या लेखनाचे 'अटलांटिक'मध्ये स्वागत केले, ही गोष्ट त्याच्या रसिकतेची साक्ष देते. त्याच्या सिद्धान्ताला मात्र या कथा सहज सामावून घेता येत नाहीत.

६

या तुलनेतून काही निष्कर्ष निघतात. अमेरिकन कथेत वास्तववादाने रोमँटिसिझमची जागा घेतली, या विधानाऐवजी संशयाचे स्थान क्रमाने बदलत गेले असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. हा बदल युद्धाच्या रेषेवर झाला नाही. १८५३ मध्ये तो झालेला दिसतो आणि १८९० मध्ये तो अर्धवट दिसतो. ज्या रूपबंधात तो झाला तो मूळचा रोमँटिक होता. म्हणून वास्तववादी कथेचे वैशिष्ट्य तिच्या सामग्रीपेक्षा या रूपबंधाशी चाललेल्या झगड्यात शोधावे लागते.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. घटना कोणती आणि भास कोणता, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न या सर्व कथांच्या मुळाशी आहे. सेलमच्या न्यायालयाने तो अधिकार आपल्याकडे घेतला आणि भासाला घटना ठरवले. चेस्नटच्या जॉनने तोच अधिकार आपल्याकडे घेऊन, ज्यात भोगलेली वस्तुस्थिती होती तिला भाकडकथा ठरवले. दोघांचा आत्मविश्वास एकाच जातीचा आहे. वास्तववाद हे मूल्यवाचक विशेषण मानून एखाद्या कथेला श्रेय द्यावयाचे आणि रोमँटिक हे दूषण मानून दुसरीला बाजूला सारावयाचे, ही समीक्षेतील सवय या आत्मविश्वासापासून फार दूर नाही. कथेत वास्तव किती आहे, याआधी ते कोणाच्या नजरेने वास्तव ठरले आहे हे विचारणे, ही या कथांनी त्यांच्या इतिहासकारावर टाकलेली जबाबदारी आहे.